एकट्या रणगाड्याने अख्खी डिव्हिजन अडवली? (६ वी पँझर, पूर्व आघाडी)

पडवीतला_वाचक

मंडळी, परवा भाचा मुक्कामाला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि पठ्ठ्या रात्री दीड वाजता मोबाईलवर रणगाड्यांचा गेम खेळत बसलेला. ओरडायला गेलो तर त्यानेच मला ऐकवलं, "मामा, १९४१ मध्ये लिथुआनियात एकट्या रशियन रणगाड्याने अख्खी जर्मन पँझर (म्हणजे रणगाड्यांची) डिव्हिजन दोन दिवस अडवली होती, माहितीये?" म्हटलं, थापा मारू नकोस. ओरडायचं राहिलं बाजूला आणि पुढच्या तीन रात्री मीच जागलो.

जमवलेलं सांगतो. ही जर्मनांची ६ वी पँझर डिव्हिजन. छावणी वुपरटालची, १९३९ च्या ऑक्टोबरात पहिल्या लाइट डिव्हिजनचं नाव बदलून उभी केलेली. २२ जून १९४१ ला ती लेनिनग्राडच्या दिशेने सुटली तेव्हा तिच्याकडे २४५ रणगाडे होते. त्यातले दीडशेच्या वर चक्क चेक बनावटीचे ३५(ट), म्हणजे चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हाती लागलेला माल. वजन साडेदहा टन, तोफ ३७ मिमीची. दुसऱ्या दिवशी रासेइन्याय हे गाव घेतलं, दुबिसा नदीपलीकडे दोन ठिकाणी पाय रोवले. २४ तारखेला मात्र मागच्या रस्त्यावर, जिथून रसद यायची बरोब्बर तिथे, एक रशियन केव्ही रणगाडा येऊन उभा राहिला. वजन चाळीस टनांच्या वर.

त्याने रसदीचे बारा ट्रक जाळले. जर्मनांनी ५० मिमीच्या रणगाडाविरोधी तोफा आणल्या, त्या त्याने निकामी केल्या. ८८ मिमीची तोफ आडून आडून पुढे आणली, तिला पहिला बार काढायच्या आत उडवलं. रात्री सॅपर (सुरुंग-स्फोटकांचं काम करणारे सैनिक) सरपटत गेले, स्फोटकं लावली, पट्ट्याचं नुकसान झालं पण तोफ शाबूत. शेवटी हलक्या रणगाड्यांनी समोर झाडीत नाच करून त्याचं लक्ष गुंतवलं आणि मागून दुसऱ्या ८८ ने गोळे घातले. तरी जवळ गेल्यावर बुरूज फिरायला लागला म्हणे! तेव्हा एका सॅपरने भोकातून हातबॉम्ब आत टाकला.

प्रश्न असा की हे खरं किती आणि रंगवलेलं किती? आणि या डिव्हिजनचं पुढे काय झालं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उनाड_पाखरू

शेंगदाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.

गनर_निवृत्त

मी टी-५५ वर गनर होतो, बावीस वर्षं आर्मर्डमध्ये काढली. गोष्ट अशक्य मुळीच नाही. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना दलदल नाहीतर झाडी, आणि समोरच्याचं चिलखत तुमच्या गोळ्याला दाद देत नाही, मग करणार काय? ७५ मिमी जाडीच्या पत्र्यावर ३७ मिमीचा गोळा म्हणजे पत्र्याच्या शेडवर पोरांनी मारलेला दगड. आवाज भरपूर, परिणाम शून्य.

मला नवल वाटतं ते आतल्या माणसांचं. हॅच (वरचं झाकण) बंद केली की जग एवढंसं होतं, काचेच्या चिरेतून दिसेल तेवढंच. बार काढला की रिकामं खोकं तापलेलं पायाशी पडतं, बारुदाचा धूर डोळ्यांत जातो, नाकपुड्या जळतात. आम्ही जैसलमेरकडे सरावात चार तास हॅच बंद ठेवली होती, बाहेर आल्यावर एक जण सरळ वाळूत आडवा झाला. हे लोक दिवस-रात्र आत, आणि बाहेरून ठणाठण गोळे बसतायत. ओळखीच्या देवाचं नावही घ्यायची सोय नाही, वर कॉम्रेड बसलेले!

नगरला (आता अहिल्यानगर म्हणा) आमच्या संग्रहालयात पॅटनच्या बाजूला उभं राहून बघा. एरवी फोटोत वजन कळत नाही.

दाढदुखी

गनरसाहेब, दंडवत. _/\_

खवट_शेव

माझा आक्षेप सोपा आहे. ही गोष्ट जगाला सांगितली कोणी? एर्हार्ड राउस याने. तेव्हा तो याच डिव्हिजनच्या रायफल ब्रिगेडचा प्रमुख, पुढे डिव्हिजनचा सेनापती. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने पकडलेल्या जर्मन जनरलांना कागद-पेन देऊन बसवलं, "रशियनांशी कसे लढलात ते लिहा" म्हणून. त्या सगळ्या कारभारावर देखरेख हाल्डरची. हा स्वतः हिटलरचा चीफ ऑफ स्टाफ होता. राउसने तिथे पानंच्या पानं लिहिली. समोर गिऱ्हाईक अमेरिकन, शीतयुद्ध सुरू होतंय, अशा वेळी शत्रूचा रणगाडा जितका राक्षसी तितकी आपली अक्कल मोठी. हिशोब कळला ना?

पडवीतला_वाचक

@खवट_शेव, पण मग रशियन बाजूने काहीच नाही का?

खवट_शेव

त्या बाजूने लिहायला उरलं कोण? तिथे हल्ला केला होता सोल्यान्किनच्या दुसऱ्या टँक डिव्हिजनने. चार दिवसांत ती वेढली गेली. डिझेल नाही, गोळे नाहीत, विमानांची साथ नाही. सोल्यान्किन स्वतः २६ जूनला पडला.

राइनकाठी

मी हागेनला राहतो, वुपरटाल इथून लोकलने अर्ध्या तासाच्या आत. ती लटकती रेल्वे दाखवायला प्रत्येक पाहुण्याला नेतो, पण त्या गावची पँझर डिव्हिजन होती हे आज कळलं. इथे कोणी त्याबद्दल बोलत नाही.

रच्याकने, याच डिव्हिजनच्या स्टाफवर पोलंड आणि फ्रान्सच्या लढायांत रसदीचं काम बघणारा एक अधिकारी होता, क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग. होय तोच, २० जुलै १९४४ ला हिटलरच्या टेबलाखाली बॉम्ब ठेवणारा. आणि १९४१ ला ६ वी पँझर ज्या पँझर गटात होती त्याचा सेनापती होएपनर, तोही त्याच कटात फासावर गेला.

सुपारी_फुटली

एका डिव्हिजनमध्ये इतके लोक? आमच्या सोसायटीच्या कमिटीत तर कोरम होत नाही.

माजघर

राइनकाठी, होएपनरचं नाव निघालंच आहे तर अर्धंच सांगू नका. याच होएपनरने स्वारीच्या आधी, मे १९४१ मध्ये, आपल्या सैन्याला लेखी आदेश दिला होता की ही लढाई ज्यू-बोल्शेविझमविरुद्धची आहे आणि ती आजवर झाली नाही इतक्या कठोरपणे लढायची. शेवटी फासावर गेला म्हणून आधीचं पुसलं जात नाही.

आणि इथे सगळे रासेइन्यायच्या रस्त्यावरच्या रणगाड्यात रमलेत म्हणून विचारते, त्या गावात राहणाऱ्या माणसांचं काय झालं? मोठी ज्यू वस्ती होती. रणगाडे पुढे गेले, मागून आइनझाट्सग्रुपे, म्हणजे एसएसच्या हत्या-तुकड्या, आल्या, स्थानिक मदतनीस होतेच. जुलै-ऑगस्टमध्ये गावाबाहेर खड्डे खणून बायकापोरांसकट मारलं. ज्या रस्त्यावरून रसद जात होती तोच रस्ता. राउसच्या लिखाणात एका केव्हीला पानंच्या पानं मिळतात, या लोकांना ओळही नाही.

बुलंद_बुरूज

झालं सुरू. धागा लष्करी इतिहासाचा आहे हो ताई. प्रत्येक ठिकाणी हे आणलंच पाहिजे का? ६ व्या पँझरने गोळ्या घातल्या का त्यांना? सैनिक लढत होते, एसएसवाले मारत होते. दोन वेगळ्या गोष्टी.

माजघर

वेगळ्या नव्हत्या. उत्तरेकडच्या आइनझाट्सग्रुपेचा प्रमुख श्टालेकर स्वतः बर्लिनला कळवत होता की होएपनरच्या पँझर गटाबरोबरचं सहकार्य अगदी जिव्हाळ्याचं आहे. आणि हीच डिव्हिजन सप्टेंबरात लेनिनग्राडच्या दाराशी पोचली होती. त्यानंतर ८७२ दिवसांच्या वेढ्यात शहर उपाशी मेलं, ते काय एसएसने एकट्याने केलं?

तुम्हाला रणगाडे आवडतात, मलाही आवडतात, वडील अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. पण "फक्त लढत होते" हे वाक्यसुद्धा त्याच जनरल मंडळींनी कागद-पेन मिळाल्यावर लिहिलेलं आहे, हे खवट_शेव यांनी वरच सांगितलंय.

बुलंद_बुरूज

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ

व्यक्तिगत शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून वाद घालायला पूर्ण मुभा आहे, एकमेकांच्या घरापर्यंत जाऊ नये.

सुपारी_फुटली

अरेरे, मी चहा करायला गेलो आणि तेवढ्यात उडवले. :(

तिसरा_पहारा

पुढे काय झालं हा मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी घेतलाच नाही. मी घेतो, माझ्या आवडीचा आहे. लांबण लागेल.

ते चेक रणगाडे रशियात एक हिवाळाही टिकले नाहीत. त्यांचे गिअर आणि स्टिअरिंग दाबलेल्या हवेवर चालायचे, आणि थंडीत त्या नळ्यांतलं पाणी गोठलं की गाडी जागेवर. सुटे भाग तर आधीच बंद झालेले. मॉस्कोच्या उत्तरेला क्लिनपर्यंत गेले आणि तिथून डिसेंबरात माघार. जानेवारी १९४२ पर्यंत पँझर डिव्हिजनमध्ये चालता रणगाडा एक नाही! रणगाडेवाले पायदळ म्हणून लढले. जमीन इतकी गोठलेली की कुदळ उसळून परत यायची. तेव्हा राउसने स्फोटकं लावून खड्डे पाडले, वर ओंडके टाकले, आणि त्यातच खंदक केले. नंतर सिचेव्हकाच्या भागात एकेक खेडं घेत इंच इंच पुढे सरकायचं, त्याला त्याने नाव दिलं "गोगलगाय मोहीम". १९४२ च्या वसंतात उरलेल्यांना फ्रान्सला नेऊन नवी डिव्हिजन बांधली.

आता मुख्य भाग. नोव्हेंबर १९४२, स्टालिनग्राडला पाउलसची जर्मन ६ वी आर्मी वेढ्यात. ६ व्या पँझरला फ्रान्समधून रेल्वेने थेट कोतेल्निकोवोला आणलं. २७ नोव्हेंबरला पहिली गाडी स्टेशनात शिरते तोच रशियन तोफांचे गोळे फलाटावर. माणसं डब्यांतून उड्या मारून थेट लढाईला. आणि हल्ला करणाऱ्या घोडदळात काही उंटांवर होते! राउसने लिहून ठेवलंय.

१२ डिसेंबरला सुटकेची मोहीम निघाली. अक्साई नदी ओलांडली, मग वेर्ख्ने-कुम्स्की नावाच्या एका खेड्याभोवती चार-पाच दिवस रणगाड्यांची अशी जुंपली की खेडं कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. १९-२० ला डिव्हिजनच्या पँझर रेजिमेंटचा प्रमुख ह्युनर्सडोर्फ याचा गट मिश्कोव्हा नदीवर वासिल्येव्हकाला पोचला. वेढ्यातले जर्मन तिथून ४८ किलोमीटर. बर्फाळ मैदानावर रात्री क्षितिजावर त्यांच्या आगी दिसायच्या असं म्हणतात.

पाउलस बाहेर पडला नाही, हिटलरने पडू दिलं नाही, सुटकेच्या मोहिमेचा वरचा सेनापती मानस्टाइन याने स्पष्ट हुकूम दिला नाही. कोणाच्या माथी मारायचं ते मारा, त्यावर वेगळा धागा होईल. तिकडे डॉनवर रशियनांनी इटालियन फळी फोडली, त्यांच्या जनरल बादानोव्हचे रणगाडे २४ डिसेंबरला तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर घुसले, जिथून वेढ्यात रसद उडत होती. ६ वी पँझर २३ ला काढून तिकडे पाठवली. तिथे संपली स्टालिनग्राडची आशा. शेवटी ९१ हजार कैदी, त्यातले पाच-सहा हजार घरी परतले.

अनवट

पुणे ते कामशेत गाडीने साधारण एवढंच अंतर, नाही का? ४८ किमी आणि तीन लाखांच्या जवळपास माणसं. काटा आला.

उनाड_पाखरू

उंटांवरून हल्ला... आणि आपण इथे उंटावरून शेळ्या हाकतोय.

दाढदुखी

तिसरा_पहारा, सुंदर प्रतिसाद. एक भर माझी, व्यवसायबंधू म्हणून. या डिव्हिजनच्या पँझर रेजिमेंटमध्ये फ्रान्स बेके नावाचा गडी होता. राखीव अधिकारी, मूळ धंदा दंतवैद्य! जुलै १९४३, कुर्स्क. ११-१२ च्या रात्री याने रणगाड्यांची रांग अंधारात रशियन फळीतून नेली. सगळ्यात पुढे पकडलेला टी-३४, म्हणजे अंधारात रशियनांना वाटावं आपलेच चाललेत. ऱ्झाव्हेट्सला उत्तर डोनेट्स नदीपर्यंत पोचले. पूल उडाला, पण पायदळ पलीकडे उतरलं. मला पेशंटच्या तोंडात बॅटरी मारताना हात थरथरतो, हा माणूस रात्री हे करतोय.

युद्धानंतर परत दवाखाना थाटला, राइनकाठींच्याच हागेनला.

राइनकाठी

काय सांगता! मागच्या महिन्यात माझं इथे रूट कॅनाल झालंय. डॉक्टर सत्तरीचे आहेत, त्यांना विचारू का?

दाढदुखी

दाढ बरी झाल्यावर विचारा. आधी नको.

तिसरा_पहारा

ऱ्झाव्हेट्सचा उत्तरार्धही ऐका. तिथे पोचल्याचा निरोप वेळेत सगळीकडे गेला नाही आणि जर्मन बॉम्बफेक्यांनी आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकले. तोवर डिव्हिजनचा सेनापती झालेला ह्युनर्सडोर्फ त्यात जखमी झाला. पट्टी बांधून परत आघाडीवर गेला, १४ ला डोक्यात गोळी लागली, १७ ला गेला. एका धाडसी रात्रीचा हा शेवट.

पुढचं भरभर. १९४४ च्या सुरुवातीला चेर्कासीचा वेढा फोडायला बेकेची रेजिमेंट, मार्चमध्ये जर्मन जनरल हुबेच्या सैन्याबरोबर स्वतःच वेढ्यात, शेवटी हंगेरी आणि ऑस्ट्रिया. जिंकण्याच्या गोष्टी १९४३ नंतर संपल्या, नुसतं मागे सरकणं.

कळशी

धागा काढणाऱ्याचा प्रश्न राहिला बरं का मंडळी. मला त्या केव्हीबद्दल दोन गोष्टी खटकतात, दोन्ही राउसच्याच गोष्टीत आहेत.

एक, "अख्खी डिव्हिजन". त्या वेळी ६ वी पँझर दोन गटांत विभागलेली होती, एक राउसचा, एक झेकेनडोर्फचा. नदीपलीकडचे दोन तळ दोघांचे वेगवेगळे. केव्ही उभा राहिला तो राउसच्या रस्त्यावर. रशियन डिव्हिजनचा मुख्य तडाखा त्याच दिवशी बसला झेकेनडोर्फला, तिथे असे कितीतरी केव्ही होते आणि मोटरसायकलवाल्यांच्या फळीवरून चिरडत गेले. म्हणजे त्या एका रणगाड्याने अडवला तो फार तर निम्म्या डिव्हिजनचा रस्ता. पण राउसचा गट झेकेनडोर्फच्या मदतीला धड जाऊ शकला नाही, हे महत्त्वाचं.

दोन, "दोन दिवस". २४ ला आला, २५ ला संपला. पुढे सांगताना एका दिवसाचे दोन होतात, जसे आमच्या आजोबांच्या गोष्टीत वाघाची लांबी दर दिवाळीला हातभर वाढायची.

मॉडेलवरही वाद आहे. केव्ही-१ मध्ये पाच माणसं, केव्ही-२ मध्ये सहा, आणि पुरली सहा जणं असं सांगतात. म्हणून काही जण १५२ मिमीवाला केव्ही-२ धरतात. पण सहावा जास्तीचा मेकॅनिकही असू शकतो.

पुरली मात्र जर्मनांनीच, लष्करी मानाने. यावर फारसं कोणी भांडत नाही.

खवट_शेव

कळशी, आता पटतंय. निम्मी डिव्हिजन, एक दिवस. माझी खवट मात्रा मी मागे घेतो, हाल्डरवाली सोडून.

बुलंद_बुरूज

मान्य. आणि माजघर ताई, माझा सूर चढला होता, माफ करा. श्टालेकरचं मला माहीत नव्हतं.

माजघर

असू दे. चेर्कासीचा धागा तुम्ही काढा, मी येते.

गनर_निवृत्त

एक विचार. तो हलला का नाही हे सगळे शौर्य म्हणून सांगतात. असेलही. पण खवट_शेव यांनी वर सांगितलं ते विसरू नका, त्या डिव्हिजनचं डिझेल संपत आलं होतं. आमच्याकडे सरावात टाकी संपली की गाडी उभी राहील तिथे आम्ही उभे. बुरूज हाताने फिरवता येतो, बार काढता येतो. मग ती जागा रस्ता अडवायची निघाली तर नशीब. पळायची सोय असती तर ते पळाले असते का? आतल्या सहांनाच ठाऊक.

अनवट

हे वाचून मला ती गोष्ट जास्तच आवडली.

पडवीतला_वाचक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल भाच्याला फोन करून सांगितलं, अख्खी नाही निम्मी, दोन नाही एक दिवस, आणि त्या रस्त्यावर आणखी काय घडलं तेही. शेवटचं ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, हे गेममध्ये नाहीये." आणि लगेच, "पण निम्मी का होईना, तुम्ही थापा म्हणाला होतात."

पेपर कसे गेले विचारलं तर रेंज गेली.

गनर_निवृत्त

त्याला सुट्टीत नगरला पाठवा. आत बसवून हॅच लावतो दहा मिनिटं, अभ्यासाला बसेल.